वहीत चोपन्न

१७ जाने., शनिवार
ना. ९२. झो. २ तास. कसे वाटते : मारावेसे.

मारले मी आणि शिक्षा पोरीला? हा कुठला न्याय? तिला शिकवणाऱ्या सरांच्या मनगटावर वल्हे मी घातले. मशीनची काच मी फोडली. मग मला नेऊन घाला की आत. रोशनीला कित्याक बाहेर काढता? आज वल्हवण्याच्या सेंटरवर गेले तर शिपायाने फाटक अर्धेच उघडले. म्हणतो, "रोशनीक सरांनी येव नको म्हणान सांगलां. तुका तर मुळीच नको, सरूबाय." मी फाटकाला लाथ मारली. फाटकाला काही झाले नाही. माझ्या अंगठ्याचे नख गेले.

काय झाले ते लिहून ठेवते. उद्या कोणी परत विचारले तर तेच सांगता आले पाहिजे.

काल रोशनीची तपासणी. पाणी नाही, होडी नाही, खोलीत बसून वल्हवायचे मशीन. साखळी ओढायची, पुढे पंखा फिरतो, काचेवर आकडा येतो, किती जोर लावला त्याचा, तो मग पोरीच्या वजनाने भागतात. चार-चार मिनिटांचे टप्पे. दर टप्प्याला जोर वाढवत न्यायचा. मधे अर्धा मिनिट थांबवतात. छातीला पट्टा, तो हृदयाचे ठोके मोजतो. यातून समजते म्हणे पोरीत दम किती आणि ताकद किती. यावर संघ ठरतो. संघ ९ फेब्रुवारीला भोपाळला शिबिराला जाणार.

मी अकराला पेजेचा डबा घेऊन गेले. दारातून बघते तर पोरगी जमिनीवर आडवी. तोंड चुन्यासारखे. सर तिच्या गालावर चापट मारतायत, फाट् फाट्. आणि ती तपासणीवाली अनघा मॅडम तिचा कान धरून बसलेली, हातात सुई, कानाखालून मानेवर रक्त.

दाराशी वल्ही उभी करून ठेवलेली. एक उचलले. पहिला घाव सरांवर. त्यांनी हात मधे घातला म्हणून डोके वाचले. दुसरा मशीनवर. वल्हे कागदासारखे हलके होते, आमच्या होडीचे असते तर कोपरापासून गेला असता हात.

मग मॅडम ओरडली, "मावशी, ती चक्कर येऊन पडली! रक्त आम्ही तपासायला काढतो! प्रत्येकीचे काढतो!"

प्रत्येकीचे काढतात. एक थेंब. कानाच्या पाळीतून. मला कोणी सांगितले? रोशनी म्हणते सांगितले होते.

१८ जाने., रविवार
ना. ८८. झो. ४. कसे वाटते : तसेच.

ही वही सेंटरची. रोशनीने कचऱ्यात टाकलेली, मी उचलली. अर्धी कोरी आहे, आता तिच्यात माझीच नाडी लिहिते. प्रत्येक मुलीला दिलेली. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी, नाडी मोजायची. झोप किती. कसे वाटते. दर शुक्रवारी पान फाडून सरांना द्यायचे. दिलेल्या पानांची मुळे शिलकीत आहेत, उंदराने कुरतडल्यासारखी.

दोन वर्षे ही वही मीच लिहिली. रोशनी मेल्यासारखी झोपते. तिला उठवले की नाडी चढते, मग खरा आकडा येत नाही. म्हणून मी पहाटे चुलीवर पाणी ठेवून तिच्या मानेवर दोन बोटे ठेवायची, भिंतीवरच्या घड्याळात अर्धा मिनिट मोजायची, दुप्पट करायची, लिहायची. ५४. ५३. ५४. सतरा वर्षांची पोर आणि म्हाताऱ्या बैलासारखी सावकाश नाडी. सर म्हणायचे हृदय मोठे झाले की असे होते. एका ठोक्यात जास्त रक्त फेकते. मी सगळ्या वाड्यावर सांगितले होते.

पेडण्याच्या डॉक्टराने काल विचारले, "ताप किती दिवसांपासून?" मी म्हटले काल सकाळपासून.

हृदयाची पट्टी काढली. चांगली आली. देवी सातेरी पावली. दोन आठवडे वल्ह्याला हात लावायचा नाही म्हणाला.

१९ जाने., सोमवार
ना. ९०.

घोव, रोशनीचा बाप, आला. चार दिवस ट्रॉलरवर होता, जेटीवरच कोणी तरी कानात ओतले. दारातूनच, "हातकड्या घालून घे आता, पोलीसस्टेशनची पायरी चढयलीस!" हात उचलला. मी बांगडे कापत होते, कोयती हातातच होती. मी पण उचलली. हात खाली आला.

मग पाटावर बसून म्हणतो, "सराक खय लागला?" मी म्हटले मनगट. "उजवा?" होय. म्हणतो, "मगे जेवता कसो तो?"

त्या माणसाची काळजी. माझी नाही.

पोलिसांनी सांगितले सरांनी तक्रार दिलीच नाही. मशीनवर पडलो असे लिहून दिले. हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. उपकार कित्याक करतो?

२१ जाने., बुध.
ना. ८६. झो. ५.

बाजारात कुंदा. तिची तन्वी पण त्याच सेंटरवर. बारा मुली भोपाळला जाणार, तन्वी तेरावी होती. आता बारावी. माझ्या पाटीसमोर उभी राहून तिसऱ्यांचे शिंपले चाळवत म्हणते, "सरूबाय, तुझ्या चेडवान कसली पावडर घेतली गो? रक्तात काय तरी गावलां म्हणतत."

मासे धुतलेल्या पाण्याची बालदी होती. पूर्ण ओतली. डोक्यावरून. खवले केसात.

ती माझ्या अंगावर आली. मी तिचा अंबाडा धरला. पोदेराने पावांची टोपली खाली ठेवून आम्हाला सोडवले. माझ्या कानातली एक कुडी गेली. तिचा दात हलतो आहे असे ऐकले. हलू दे.

पण रक्तात काय गावले?

२२ जाने., गुरु.
ना. ८४. रोशनी बोलत नाही. पेज खाते, भिंतीकडे तोंड करून झोपते. मी मानेला बोट लावले तर हात झटकला. अजून गरम आहे.

२४ जाने., शनि.
ना. १०४.

सेंटरचे पत्र. मराठीत आहे पण असले मराठी की तीनदा वाचले. मी चौथीपर्यंत. दुसऱ्याला वाचायला देणार नव्हते.

रक्तात काही गावले नाही. कुंदाच्या तोंडात माती. पत्रात माराचा पण शब्द नाही. लिहिले आहे : तपासणीच्या दिवशी पहिल्या सोप्या टप्प्यालाच रोशनीच्या हृदयाचे ठोके चौथ्या टप्प्याएवढे होते. असे आजारी माणसाचे होते. पण त्याच आठवड्याच्या पानावर सकाळची नाडी रोज चोपन्नच्या आसपास. नाडी दहाने वाढली तर तपासणी करत नाहीत, हा नियम सर्व मुलींना माहीत आहे. म्हणजे नोंदी खोट्या. "खोट्या नोंदी आपण स्वतः केल्याचे खेळाडूने कबूल केले आहे." म्हणून नाव कमी केले.

खेळाडूने कबूल केले.

मी आत गेले. तिला केसाला धरून उठवले. होय, आजारी होती, तरी. विचारले कधी कबूल केलेस. म्हणाली, मंगळवारी परत दाखवायला दवाखान्यात गेलो तेव्हा सर आले होते, तू पाणी आणायला गेलेलीस. मी म्हटले, "फटी कित्याक मारलंस? तू लिवलंस काय ता?" एक थोबाडीत दिली.

तिने गाल पण धरला नाही. म्हणाली, "फटी मारूक तुझ्याकडसूनच शिकलंय आये."

तिला माहीत होते. पहिल्यापासून.

२५ जाने., रविवार
नाडी मोजली नाही.

लिहिते. न लिहून जाणार कुठे.

सोमवारी १२ ला ५४. खरी. मंगळवारी ६२. बोट काढून परत ठेवले, परत ६२. बुधवारी ६८. गुरुवारी ७१. शुक्रवारी तपासणी, सकाळी मोजलीच नाही. मान हाताला तव्यासारखी लागली आणि मी हात मागे घेतला.

लिहिले ५४. ५५. ५४. ५४.

गुरुवारी ती म्हणाली होती, "आये, आंग जड लागता." मी म्हटले, "होडी पण जड असता. म्हणान कोण सोडून देता काय?"

मला वाटले वहीत दहाने वाढली तर तपासणी पुढे ढकलणार, पुढे ढकलली तर संघ ठरून जाणार, तन्वी बसणार तिच्या जागेवर. मला वाटले एक दिवसाचा प्रश्न आहे. ओढेल. माझी पोर आहे. मी तापात तिसऱ्या काढल्या आहेत, कमरेएवढ्या पाण्यात, ही पोटात असताना.

आज सुर्ल्याला माहेरी गेले. घरात बसवेना. दोन बसगाड्या बदलून. भाऊ विष्णू ओट्यावर कुबडी शेजारी ठेवून बिडी ओढत होता. त्याला सगळे सांगितले. दुसऱ्या कोणाला सांगता आले नसते.

विष्णू खनिजाचा टिपर चालवायचा. सांगायचा, काट्यावर गाडी तोलायची, स्लिपवर दहा टन लिहून घ्यायचे, गाडीत चौदा. सगळे तसेच करायचे. स्लिप बरोबर असली की फाटक उघडते. आम्ही त्यातच वाढलो. कागद वेगळा आणि गाडी वेगळी. मग एका दुपारी पाळी गावच्या उतारावर ब्रेक लागला नाही. पाय मांडीपासून गेला. स्लिप खिशात होती, दहा टनाची, रक्तात भिजलेली, पण वाचता येत होती.

त्याने ऐकून घेतले. बिडी विझवली. म्हणाला, "आकडो कमी लिवलो म्हणान वजन कमी जाता काय गो, सरू?"

एवढेच. मी त्याची कुबडी उचलून अंगणात फेकली. कुत्रे ओरडत पळाले. मग आणून दिली.

निघताना हसतो मेला. "ताकद वजनान भागतत ना तुमच्या मशीनवर? मगे माका बशीव. एक पाय कमी, वजन कमी, माझो नंबर पयलो."

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने खिडकीची जागा दिली.

२७ जाने., मंगळ
ना. ८२. झो. ३.

सेंटरवर गेले. मागच्या बाजूने, खाडीतून, होडी घेऊन. तिकडे फाटक नाही.

खोलीत अनघा मॅडम एकटी. मला बघून दाराशी गेली, वल्ही आत ओढून घेतली. मी म्हटले घाबरू नको, हात रिकामे आहेत. तरी ती मशीनच्या पलीकडेच उभी राहिली. नवीन काच बसवली आहे.

मी म्हटले मला सांग नक्की काय केले माझ्या पोरीला. शब्दात नको. दाखव.

तिने मला बघितले खालपासून वर. म्हणाली, "बसा. फक्त एक मिनिट."

बसले. साडीचा काष्टा मारला. पाय पट्ट्यात बांधले. बाजूला एक खटका असतो, एकपासून दहापर्यंत. मी दहावर नेला. ती म्हणाली, "मावशी, दहावर नेल्याने ताकद वाढत नाही. फक्त जड लागते. जड होडी ओढल्यासारखे." मी म्हटले मी जडच ओढते, राहू दे.

मशीनने मारले मला. तीस वर्षे होडी हाकते मी, केरीतल्या दोन पुरुषांना हात लावून बघा म्हणते. इथे हात कामाचेच नाहीत. हिसका दिला तर आकडा वर जातो आणि लगेच पडतो. मॅडम ओरडते, "पाय! पायांनी ढकला! हात शेवटी!" बसायची फळी पुढे सरकते, मागे सरकते, गुडघे छातीवर आपटतात. पंखा भुतासारखा घों घों. पंधरा सेकंदात तोंडात लोखंडाची चव. अर्ध्या मिनिटात मांड्या पेटल्या, कोणी निखारे ओतल्यासारख्या. श्वास आत जातो पण पोचत नाही. पंचेचाळीसला मी शिव्या द्यायला लागले, कोणाला ते माहीत नाही. साठला साखळी सुटली हातातून आणि फाडकन समोर आपटली.

काचेवर ९६.

पाय सोडवता येईनात. तिथेच ओकले. मॅडमने बालदी धरली, पाठ चोळली. मी ठार मारायला निघालेली बाई, आणि हिने पाठ चोळली.

विचारले, "रोशनी किती ओढते?" म्हणाली, चांगली असताना दोनशेच्या वर. आठ मिनिटे. थांबत नाही.

मग तिने कागद दाखवला. दोन रेघा. एक ऑक्टोबरातल्या तपासणीची, ठोके जिन्यासारखे पायरी पायरीने वर. दुसरी त्या दिवसाची. पहिल्या पायरीलाच माडीवर. आणि तरी पुढे तीन टप्पे ओढत राहिली. म्हणाली, "मला दुसऱ्या टप्प्यालाच संशय आला. थांब म्हटलं. ती म्हणाली आई येते अकराला, तोपर्यंत संपवते. मी वहीचं पान बघितलं. चोपन्न होती. म्हणून जाऊ दिलं."

म्हणून जाऊ दिले.

मग म्हणाली, "ताप असताना असं ओढलं की हृदय कायमचं बिघडू शकतं, मावशी. एवढ्या वयाची पोरं मशीनवरून उठलीच नाहीत असंही होतं. सर गालावर मारत होते ना, ते ती शुद्धीवर यावी म्हणून."

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. सर होते. सगळे ऐकत होते. बाहेर आले नाहीत. दाराच्या फटीतून पांढरे प्लास्टर दिसले.

मी तेव्हाच सांगायचे होते. होडी सोडली आणि आले. वल्हे धरवत नव्हते, प्रवाहाने खाली नेले, तेरेखोलच्या फेरीबोटीने भोंगा मारमारून शिव्या घातल्या.

२८ जाने., बुध.
उठता येत नाही. मांड्यांना हात लावला तरी बोंब. संडासात बसताना देव आठवला.

नाडी ९६. मशीनचा पण ९६. देवाला चेष्टा सुचते.

३१ जाने., शनि.
ना. ८०. झो. ५.

तिचा ताप जाऊन सहा दिवस. आज सकाळी अंथरुणात नाही. होडी जागेवर नाही.

शेजारची होडी काढली, न विचारता. खाडीच्या तोंडाकडे होती ती, जिथे समुद्र आत घुसतो, लाटा तोडत. पाठमोरी. वल्ही अशी मारत होती की पाण्याचा जीव घ्यायचा आहे. डॉक्टराने दोन आठवडे नको म्हणून सांगितलेले, आज पंधरावा दिवस. हिशोब बरोबर करून गेली, माझीच पोर.

मी होडी तिच्या होडीवर घातली. फळी मोडली. तिने वल्हे उगारले माझ्यावर. मी म्हटले, मार. सरांना मी मारले, मला तू मार, फिटू दे. तिने मारले. खांद्यावर. मी पाण्यात गेले.

बाहेर काढले पण तिनेच. दंडाला धरून, पोते ओढल्यासारखे. दोघी होडीत पडून धापा टाकत. खारे पाणी नाकात.

मी म्हटले, "तू कित्याक सांगलंस सरांका, की तू लिवलंस म्हणान?"

म्हणते, "तुझा नाव सांगला असता तर ते पोलिसात गेले असते. एक तर तू हात मोडलंस. वर फटवलंस."

मी म्हटले, मग तुझे भोपाळ?

पाण्यात थुंकली. म्हणाली, "माका जावचा होता आये. माका खूप जावचा होता." लहान असताना जत्रेत हरवली होती तेव्हा असे तोंड केले होते.

परत येताना वल्ही तिनेच मारली. मी मागे बसून पाठ बघत होते. पाय आधी, पाठ मग, हात शेवटी. दोन वर्षे बघत होते, आज दिसले.

खांदा काळानिळा. घोव विचारतो कोणी मारला. म्हटले मशीनवर पडले. सर पण तसेच लिहून देतात.

२ फेब्रु., सोमवार
रोशनीने स्वतःहून मान पुढे केली. डोळे मिटलेले, झोपेचे सोंग. दोन बोटे ठेवली. अर्धा मिनिट. परत मोजली. तिसऱ्यांदा मोजली.

५६.

चोपन्न लिहायला हात गेला. सवय. ५६ लिहिते.

४ फेब्रु., बुध.
ना. ७८. झो. ६.

सरांना पत्र लिहिले. तीन कागद फुकट गेले. रोशनीला वाचायला दिले, ती म्हणाली शुद्धलेखन सुधारते. मी म्हटले हात लावू नकोस, तुझे अक्षर दिसले तर परत म्हणतील हिनेच लिहिले. दुपारी होडीने जाऊन मॅडमच्या हातात दिले. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवते, पुढे कोणी म्हणायला नको सरू असे बोललीच नाही.

"सर,
हात कसा आहे. मी मोडला. ते चुकले, ते मी फेडीन. तुमच्या घरी मासे पोचतील, हात बरा होईपर्यंत, साफ करून.

आता दुसरे. वहीत खोटे आकडे रोशनीने लिहिले नाहीत. मी लिहिले. तिने माझ्यासाठी खोटे सांगितले. पुरावा पाहिजे तर तुमच्याकडची सगळी पाने काढा, दोन वर्षांची. आकडे मराठीत आहेत. रोशनी आकडे इंग्रजीत लिहिते, बालवाडीपासून. तिची कुठलीही वही मागवा. आणि माझ्या चारची शेपटी उलटी वळते, चौथीच्या बाईंनी पण मारले तरी सुधारली नाही. दोन वर्षे तुम्ही आकडा बघितला, अक्षर कोणाचे ते बघितले नाही. तुमचे पण थोडे चुकले.

खरे आकडे असे होते. मंगळ ६२, बुध ६८, गुरु ७१. शुक्रवारी मोजले नाही. गरम होती. मला माहीत होते आणि मी पाठवली. ती मेली असती तर मी मारली असती. तुम्ही नाही.

म्हणून नाव कमी करायचे तर माझे करा. मला फाटकाच्या आत घेऊ नका, कधीच. डबा शिपायाकडे देईन. पण तिची तपासणी परत घ्या. नाडी तुम्ही मोजा, सकाळी, सेंटरवर झोपवून. वही तुमच्या हाताने लिहा. रक्त काढा, दोन्ही कानातून काढा. मी येणार नाही. तिच्यात जोर नाही असे मशीन म्हणाले तर तन्वी जाऊ दे, मी कुंदाला स्वतः सांगेन की तुझी पोर चांगली. पण मशीनने म्हटले पाहिजे. मी लिहिलेल्या चोपन्नने नाही.

संघ सोमवारी निघतो. तपासणीला एक दिवस लागतो. म्हणून उत्तर मला शनिवारपर्यंत पाहिजे. ७ तारीख, सूर्य बुडायच्या आधी. हो किंवा नाही. मधले नको, मधले मला वाचता येत नाही. मी खाडीत होडीवर बसून असेन, तुमच्या खिडकीतून दिसेल तिथे. नाही उत्तर आले तर रात्र पडली तरी उठणार नाही.

वल्हे फक्त होडी हाकायला आणीन.

सरस्वती, रोशनीची आई, केरी"